चमकणारं कार्ड आणि चालणारं कार्ड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका आजोबांचं पत्र आलं होतं, पोकेमॉनची कार्डं म्हणजे पोरांना लहानपणीच लावलेला जुगार आहे, शाळेने दप्तरं तपासावीत आणि सापडतील ती कार्डं जप्त करावीत असं. मी ते दोनदा वाचलं, बायकोला वाचून दाखवलं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला पटलं. पण उरलेलं निम्मं इतकं चुकीचं आहे की गप्प बसवेना म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, काटछाट करायची असेल तर करा, पण हिशेबाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

पटलेलं आधी सांगतो. बंद पाकीट विकत घ्यायचं, आत काय निघेल माहीत नाही, चांगलं निघालं तर उड्या आणि नाही निघालं तर "बाबा अजून एकच घेऊ ना", हे लॉटरीच्या तिकिटासारखंच आहे आणि यात आजोबांचं काही चुकलेलं नाही. सहावीतल्या माझ्या मुलाचे दिवाळीत आजीने दिलेले सगळे पैसे असेच गेले, आणि ते सुद्धा खऱ्या पाकिटात नाही, शाळेजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या सोनेरी कार्डांच्या डब्यात. पंचावन्न कार्डं, सगळी सोनेरी, सगळी चकचकीत, प्रत्येकावर एकापेक्षा एक मोठा पोकेमॉन. पोरगं दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये पाच-सात मुलं ही कार्डं घेऊन बसतात, त्यात वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा असतो, सगळे त्याला दादा म्हणतात. त्याने डबा बघितला आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "काका, सगळी डुप्लिकेट आहेत. हवी तर ठेवू दे त्याला, पण यांनी खेळता नाही यायचं." मग त्याने दाखवलं, इंग्रजी स्पेलिंग चुकलेली, मागचा निळा रंग वेगळाच, आणि खऱ्या नव्या कार्डांवर खाली डावीकडे एक बारीक इंग्रजी अक्षर आणि सेटचा नंबर असतो तो यावर कुठे नाहीच नाहीतर सगळ्यांवर तोच. हल्ल्याखाली लिहिलेलं वाक्य वाचून त्यातून काय करायचं हेच कळत नाही कारण ते खेळायला लिहिलेलंच नसतं, दिसायला छापलेलं असतं. मुलगा खूप रडला. मला दुकानदाराचा राग आला आणि डबा परत नेऊन द्यायला मी निघालो पण होतो, तेवढ्यात तो दादा मुलाला म्हणाला, "तुझ्याकडची खरी कार्डं आण, डेक मोजू." तिथून पुढे जे झालं त्यासाठी हे पत्र.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत पर्चेसला आहे, सतरा वर्षं झाली. आमच्याकडे एक गोष्ट पहिल्या महिन्यातच डोक्यात बसते, शेल्फवर पडलेला माल कितीही महागाचा असू दे, लाइनवर लागत नसेल तर तो डेड स्टॉक, आणि दोन रुपयांचा वॉशर संपला तर अख्खी असेंब्ली उभी राहते. मुलाची कार्डं सतरंजीवर मांडली तेव्हा मला तेच दिसलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या खेळात प्रत्येकाचा स्वतःचा पत्त्यांचा जोड असतो, तो स्वतः जुळवायचा, त्यालाच डेक म्हणतात. बरोबर ६० कार्डं, एक कमी नाही एक जास्त नाही. एकाच नावाचं कार्ड जास्तीत जास्त चार वेळा, फक्त साधी एनर्जी हवी तेवढी. कार्डांचे प्रकार तीन, पोकेमॉन म्हणजे लढणारे, एनर्जी म्हणजे त्यांना हल्ला करायला लागणारं इंधन, आणि ट्रेनर म्हणजे बाकी सगळी मदत, पत्ते ओढणं, शोधणं, बदलणं वगैरे. पिसून सात पानं घ्यायची, सहा पानं प्राईझ म्हणून पालथी बाजूला ठेवायची, समोरच्याचा पोकेमॉन पाडला की त्यातलं एक उचलायचं, सहा उचलली की जिंकलात. ज्या मोठ्या पोकेमॉनच्या नावापुढे ईएक्स असतं तो पडला तर समोरच्याला एकदम दोन प्राईझ मिळतात.

माझ्या मुलाच्या डेकमध्ये २७ एनर्जी होत्या, २६ पोकेमॉन आणि ७ ट्रेनर. का, तर ट्रेनर कार्डावर राक्षस नसतो, कुणीतरी माणूस नाहीतर एखादा चेंडू असतो, आणि पोरांना ते कंटाळवाणं वाटतं. २६ पोकेमॉनपैकी बेसिक म्हणजे थेट पटावर उतरवता येतील असे फक्त ९, बाकीचे १७ सगळे मोठे, जे आधी लहान रूप पटावर असल्याशिवाय ठेवताच येत नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची लहान रूपं डेकमध्ये नव्हतीच. म्हणजे ती कार्डं हातात आली तरी शेवटपर्यंत हातातच राहणार.

दादाने त्याला काहीही लेक्चर दिलं नाही. म्हणाला, वीस वेळा पिस, वीस वेळा सात पानं वाट आणि वहीत लिही काय आलं. पोराने लिहिलं. वीसपैकी सहा वेळा हातात एकही बेसिक नव्हता. नियम असा की बेसिक नसेल तर हात समोरच्याला दाखवायचा, परत पिसायचं, परत सात घ्यायची, आणि त्याबद्दल समोरच्याला एक जास्तीचं पान ओढता येतं. म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच आपण मागे. मी रात्री एक्सेलमध्ये हिशेब घातला, ६० मध्ये ९ बेसिक असतील तर शंभर वेळा पिसल्यावर सरासरी ३० वेळा हात रिकामा येतो. वीसात सहा! पोराने सतरंजीवर बसून जे शोधलं तेच उत्तर. १२ बेसिक ठेवले तर हेच ३० वरून १९ वर येतं, १६ ठेवले तर १० वर. संपादक साहेब, दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा आहे, फासे आणि नाणी आणि पत्त्यांचा कॅट, आणि तो धडा मुलं पाठ करून विसरतात. माझा मुलगा सहावीत आहे आणि त्याने दुसऱ्या दिवशी मला आपणहून विचारलं, "बाबा तेरा ठेवले तर?"

एनर्जीचंही तेच. खेळात एका पाळीला हातातून एकच एनर्जी लावता येते. २७ एनर्जी म्हणजे पहिल्या सात पानांत सरासरी तीन, नंतर जवळजवळ एकाआड एक पान एनर्जी, आणि लावायची मात्र एकच. उरलेल्या हातात बसून राहतात. मुलाला वाटत होतं एनर्जी कमी पडली तर, म्हणून भरत गेला. आमच्या स्टोअरवाल्यांचं असंच होतं, एकदा माल कमी पडला की पुढच्या वेळी तिप्पट मागवतात. यावर उपाय एनर्जी वाढवणं नसून लागेल तेव्हा शोधून आणणारी कार्डं ठेवणं हा आहे, आणि ती सगळी ट्रेनरमध्ये असतात, ज्यांना पोरं हात लावत नाहीत.

आता कार्डाची किंमत कशी ठरवायची यावर येतो, कारण आजोबांच्या पत्रातला खरा घोळ मला तिथे वाटतो, आणि तो घोळ फक्त आजोबांचा नाही, मुलांचाही आहे, दुकानदारांचाही आहे.

माझ्या वयाच्या लोकांना डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आठवत असतील. उंची, वजन, छाती, दंड, रँक. आपण काय करायचो, हातात कार्ड आलं की त्यातला कुठला आकडा बोलायचा हे ठरवायचो. एखादा पैलवान रँकला गचाळ पण वजनात कुणाला ऐकायचा नाही, तर त्याचं वजनच बोलायचं. तेव्हा आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं पण आपण कार्डाचं मूल्यमापनच करत होतो. फक्त त्या खेळात प्रत्येक कार्ड एकेकटं लढायचं. या खेळात कार्ड एकटं लढत नाही, आणि सगळा फरक इथे पडतो.

चारिझार्डचं उदाहरण घ्या, ज्या नावाने अख्ख्या जगातली पोरं वेडी झालीयेत. पहिला पोकेमॉन कार्डांचा सेट जपानमध्ये १९९६ मध्ये आला आणि इंग्रजीत १९९९ मध्ये. त्यातल्या चारिझार्डला १२० एचपी (म्हणजे किती मार बसल्यावर तो पडेल तो आकडा) आणि १०० चा हल्ला होता, त्या काळी हे आकडे म्हणजे डोंगर. आज ते जुनं कार्ड चांगल्या अवस्थेत असेल तर लाखो रुपयांना जातं. पण खेळायला? आधी त्याचं लहान रूप चारमँडर ठेवा, मग त्यावर मधलं रूप चारमेलियन, मग त्यावर चारिझार्ड, आणि वाढवायला दर वेळी एक पाळी थांबा. हल्ल्याला चार एनर्जी, एका पाळीला एक या हिशेबाने चार पाळ्या. आणि एकदा हल्ला केला की त्यातल्या दोन टाकून द्यायच्या, म्हणजे परत दोन पाळ्या भरणं. त्याच सेटमध्ये हिटमॉनचॅन नावाचा एक पोकेमॉन आहे, बेसिक, ७० एचपी, एका एनर्जीत २० चा ठोसा. कागदावर किती किरकोळ! पण तो पहिल्या पाळीपासून मारायला लागतो, आणि समोरचा चारिझार्ड बनवत बसलेला असताना त्याचा चारमँडर पाडून मोकळा होतो. त्या काळात जिंकणारे डेक हिटमॉनचॅनसारख्या झटपट बेसिकांचे होते, चारिझार्डचे नव्हते. आणि त्या डेकांचा कणा होती ट्रेनर कार्डं. बिल नावाचं साधं कार्ड, कुठल्याही पाकिटात निघणारं, काम एवढंच की दोन पानं ओढा. बस्स. पण दोन पानं फुकटात म्हणजे काय हे रमी खेळणाऱ्या माणसाला समजावून सांगायला लागणार नाही.

म्हणून मी आता मुलाला कार्ड हातात घेतल्यावर आकडा बघायचा नाही असं सांगतो, आधी विचारायचं की हे कधी उतरवता येईल, त्यासाठी काय खर्च करावं लागेल, आणि मी हरत असताना हे हातात आलं तर उपयोगाचं आहे का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण जिंकत असताना सगळीच कार्डं चांगली वाटतात.

या तिसऱ्या प्रश्नावर २०२३ मध्ये आलेलं चारिझार्ड ईएक्स बघा, हे मात्र खरोखर खेळायला बनवलेलं कार्ड आहे. त्याचा हल्ला १८० चा, आणि समोरच्याने जितकी प्राईझ उचलली असतील त्या प्रत्येकामागे ३० जास्त. समोरच्याने चार उचलली तर तुमचा हल्ला ३००. म्हणजे तुम्ही जितके मागे पडाल तितकं हे कार्ड जड होत जातं. शिवाय हातातून चारिझार्ड वाढवून ठेवला की डेकमधून तीन फायर एनर्जी शोधून लगेच लावता येतात, एका पाळीला एक हा नियमच ओलांडला जातो. आणि चारमेलियनची पायरी गाळायला रेअर कँडी नावाचं ट्रेनर कार्ड आहे, चारमँडरवरून थेट चारिझार्ड. आता सांगा, या साखळीत सगळ्यात मोलाचं कार्ड कुठलं? मुलं म्हणणार चारिझार्ड. पण रेअर कँडी आली नाही तर चारिझार्ड हातात धरून बसायचं, आणि चारमँडर पटावर नसेल तर रेअर कँडीसुद्धा हातात धरून बसायचं. चारमँडर! ज्याला पोरं "हा तर लहान आहे" म्हणून अदलाबदलीत देऊन टाकतात. माझ्या मुलाकडे तीन चारिझार्ड होते आणि चारमँडर एक. दोन रुपयांचा वॉशर म्हणतो तो हाच.

एक प्रत ठेवायची की चार याचाही हिशेब आहे. चार प्रती ठेवल्या तर ६० च्या डेकमध्ये पहिल्या सात पानांत ते कार्ड येण्याची शक्यता १०० पैकी ४० असते. आमच्या सोसायटीतली काही मुलं घरच्या नियमाने ८० कार्डांचा डेक घेऊन बसायची, "जास्त भारी कार्डं मावतात काका", तर त्यात हीच शक्यता ३१ वर येते. म्हणजे जास्त भारी कार्डं भरल्याने भारी कार्ड हातात यायचं कमी होतं, हे मुलांना सांगून पटत नाही, पिसून दाखवलं की पटतं. आणि एकच प्रत ठेवली तर ती सहा पालथ्या प्राईझमध्ये अडकायची शक्यता दहात एक. दहा डावांतून एकदा तुमचा हुकमी पत्ता सुरुवातीलाच पेटीत बंद. तरीही काही कार्डं एकेकच ठेवावी लागतात कारण जागा ६० च आहे, तिथे मन घट्ट करावं लागतं.

मन घट्ट करण्यावरून आठवलं, प्रोफेसर्स रिसर्च. हे ट्रेनर कार्ड खेळलं की हातातली सगळी पानं टाकून द्यायची आणि नवीन सात ओढायची. माझ्या मुलाला हे जमायला दोन महिने लागले. हातात चारिझार्ड आहे, चारमँडर नाही, दोन एनर्जी आहेत ज्या लावायला जागा नाही, आणि हा मुलगा ते कार्ड खेळेना, कारण "चारिझार्ड टाकू कसा बाबा". तीन पाळ्या तसाच बसून राहिला आणि हरला. मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी परत तशीच वेळ आली, हात थरथरत होता त्याचा, आणि त्याने सगळं टाकलं, चारिझार्डसकट, आणि सात नवीन पानं उचलली. त्या सातात काय आलं ते महत्त्वाचं नाही. हातात धरून ठेवलेली गोष्ट या पाळीला कामाची आहे का नाही हे बघून सोडता येणं, हे आमच्या ऑफिसात चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसांना जमत नाही, अकरा वर्षांच्या पोराला जमलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खरंच सांगतो. अल्ट्रा बॉलचंही असंच, एक पोकेमॉन शोधायला दोन पानं टाकायची, म्हणजे अल्ट्रा बॉल धरून तीन गेली आणि एक आलं. मुनीमजींच्या वहीत हा तोटाच दिसेल. पण जे एक आलं ते नेमकं हवं होतं ते, आणि गेलेली दोन आज लागणारच नव्हती.

आता त्याचा डेक असा आहे, १८ पोकेमॉन, ३३ ट्रेनर, ९ एनर्जी. चार चारमँडर, एक चारमेलियन, तीन चारिझार्ड ईएक्स, दोन पिजी आणि त्याचंच मोठं रूप असलेले दोन पिजिओट ईएक्स, जो दर पाळीला डेकमधून हवं ते एक कार्ड शोधून देतो, आणि सहा इतर बेसिक. बारा बेसिक झाले. ही कार्डं आम्ही पाकिटं फोडून जमवलेली नाहीत. एक तयार डेक घेतला, काही कार्डं सुटी विकत घेतली, बरीचशी अदलाबदल करून मिळाली, आणि रेअर कँडी, नेस्ट बॉल असली ट्रेनर कार्डं तर मोठ्या मुलांकडे ढिगाने पडलेली असतात. दिवाळीत सोनेरी डब्यात गेले त्यापेक्षा थोडेच जास्त पैसे लागले. पालकांना माझं एवढंच सांगणं आहे, पोराचा हट्ट असेल तर पाकीट नका घेऊन देऊ, लागतंय ते एक कार्ड विचारून सुटं घ्या. पोराला आधी सांगू दे की कुठल्या कार्डाच्या जागी बसवणार आणि का. निम्मे हट्ट या प्रश्नालाच संपतात, आणि जो हट्ट उरतो तो पुरवण्यासारखा असतो.

इंटरनेटवर जिंकलेल्या डेकांच्या याद्या मिळतात, त्या बघून जशाच्या तशा उतरवणारी मुलंही आहेत. त्यात वाईट काही नाही, मोठ्या गवयाची बंदिश आधी जशीच्या तशीच गिरवायची असते. पण आमच्या क्लबहाऊसमध्ये दोघं जण गवत प्रकारच्या पोकेमॉनचा डेक खेळतात आणि चारिझार्ड ईएक्सला गवताचा मार दुप्पट बसतो. ही गोष्ट परदेशातल्या यादीला कशी कळणार? मुलाने स्वतः विचार करून दोन कार्डं बदलली, त्या दोघांसाठी. ती बदललेली दोन कार्डं कुठे महाग नाहीत, कुठे प्रसिद्ध नाहीत, कर्वेनगरच्या त्या टेबलाबाहेर कदाचित चुकीचीच ठरतील. पण त्या टेबलावर ती बरोबर आहेत.

आजोबांनी लिहिलं होतं की यातली कार्डं करोडोंना विकली जातात, मग तो सट्टा नाही तर काय. विकली जातात, खरं आहे. पिकाचू इलस्ट्रेटर नावाचं कार्ड १९९७-९८ मध्ये जपानमधल्या एका मासिकाच्या चित्रस्पर्धेत बक्षीस म्हणून दिलं गेलं होतं, त्याची एक प्रत २०२१ मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलरला गेली. पण त्या कार्डावर छापलंय काय, तर तुमचं चित्र उत्तम आहे असं प्रमाणपत्र. ते डेकमध्ये काहीही करत नाही. तो बाजार म्हणजे जुन्या नाण्यांचा, तिकिटांचा बाजार आहे, ज्यांना करायचा त्यांनी करावा. खेळ त्या बाजाराशेजारी बसलाय म्हणून खेळालाच जुगार म्हणायचं असेल तर मग जुनी नाणी विकली जातात म्हणून कॅरमची सोंगटीही जप्त करावी लागेल. या प्रकारच्या खेळांची सुरुवातच मुळात १९९३ मध्ये मॅजिक नावाच्या खेळाने झाली आणि तो बनवणारे रिचर्ड गारफिल्ड गणितज्ञ, त्याच वर्षी त्यांना गणितात पीएचडी मिळाली. हा खेळ मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यातून आलाय हे खेळताना जागोजागी कळतं.

आणि पत्ते काय आपल्याला नवीन आहेत? सावंतवाडीची गंजिफा बघा, दशावतारी गंजिफा १२० पानांची, दहा अवतारांची बारा-बारा पानं, गोल, हाताने रंगवलेली. आपल्या घरात गणपतीत रात्र जागवायला मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन चालतं ते कुणी जुगार म्हणत नाही. माझे वडील तीनशे चार खेळायचे, हलकी पानं हातात आली तरी त्यातून डाव कसा काढायचा हे त्यांच्याकडून बघावं. त्यांना हा नवा खेळ आवडला असता, कारण यात पहिल्यांदाच पानं वाटायच्या आधी पानं निवडायचा हक्क खेळणाऱ्याला आहे.

तुम्हाला एक मागणी आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचं कोडं येतं, शब्दकोडं, सुडोकू येतं. त्याच्या शेजारी महिन्यातून एकदा एक हात छापा. सात पानं, पटावर काय आहे, समोरच्याकडे किती प्राईझ उरलीयेत, आणि प्रश्न एकच, या पाळीला काय खेळाल. उत्तर पुढच्या अंकात. मराठीत असं माझ्या तरी पाहण्यात नाही, मुलं सगळं इंग्रजी व्हिडिओ बघून शिकतात आणि ज्यांचं इंग्रजी कच्चं त्यांच्या हातात फक्त चमकणारं चित्र राहतं, त्यांनाच मग सोनेरी डबे विकले जातात. कार्डावरचं वाक्य मराठीत समजावून सांगणारं कुणी असेल तर ही फसवणूक निम्म्याने कमी होईल. पहिले काही हात मी आणि वरचा दादा मिळून बनवून पाठवू, आकडेमोड तपासून.

शाळांनी दप्तरं तपासायचीच असतील तर तपासा, तासाला कार्डं काढली तर रागवा पण. पण एखाद्या ऑफ तासाला गणिताच्या बाईंनी तीच कार्डं बाकावर मांडून मुलांना वीस वेळा पिसायला लावावं असं मला मनापासून वाटतं.

आणि ज्या आजोबांनी पत्र लिहिलं त्यांना तुमच्यामार्फत निरोप, रविवारी सकाळी अकराला आमच्या क्लबहाऊसमध्ये या. चहा आम्ही देऊ. मुलाच्या डेकमधली ५९ कार्डं ठरलेली आहेत आणि साठाव्यावर त्याचं आणि दादाचं तीन आठवडे एकमत होत नाहीये, आणखी एक शोधून आणणारं ट्रेनर कार्ड ठेवायचं की दहावी एनर्जी. तिसऱ्या माणसाचं मत हवंच आहे.

आपला,
एक पालक
कर्वेनगर, पुणे